अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याचं छत आणि त्यातला टोपीवाला

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही अमळनेरहून आठवी-नववीच्या मुलांना घेऊन अजिंठ्याला जाणार आहात. मागच्या खेपेला पहिल्या लेण्यात कुणीतरी तुम्हाला सांगितलं की छतावर हातात पेला घेऊन बसलेला टोपीवाला म्हणजे इराणचा बादशहा दुसरा खुसरो, आणि ते सगळं छत म्हणजे चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या दरबाराचा डंका. त्याच सुमारास लंडनजवळच्या ग्रीनिच इथल्या ‘पेंटेड हॉल’चा व्हिडिओ तुमच्या पाहण्यात आला. तिथे छतावर राजा शत्रूच्या अंगावर पाय देऊन बसलेला आहे. अजिंठ्याच्या छतातही असं राजकारण दडलेलं आहे का आणि मुलांना ते कसं दाखवावं, असं तुम्ही विचारता.

मी जळगावात राहतो. भिंतींवरच्या आणि छतांवरच्या जुन्या चित्रांच्या जतनाचं काम तीसेक वर्षं केलं, त्यातली बरीच वर्षं परांचीवर उताणं पडून गेली. त्या अनुभवावरून सांगतो: खुसरो तिथे नाही. राजकारण मात्र आहे, आणि ते त्या टोपीवाल्याच्या चेहऱ्यात शोधत बसलं की नेमकं निसटतं.

ग्रीनिचपासून सुरू करू, कारण तिथे सगळं कागदोपत्री आहे आणि डोळ्याला सराव होतो. ते सभागृह म्हणजे म्हाताऱ्या आणि जायबंदी खलाशांसाठी उभारलेल्या आश्रयगृहाची भोजनशाळा. जेम्स थॉर्नहिल या चित्रकाराला १७०७ मध्ये काम मिळालं आणि ते संपायला १७२६ उजाडलं. छताच्या कामाला चौरस यार्डाला तीन पौंड आणि भिंतींना एक पौंड असा दर होता. मधल्या मोठ्या लंबगोलात राजा विल्यम आणि राणी मेरी बसले आहेत. शांतीदेवता ऑलिव्हची फांदी देते आहे, विल्यम गुडघे टेकलेल्या युरोपच्या हाती स्वातंत्र्याची तांबडी टोपी देतो आहे, आणि त्याच्या पायाखाली हातात मोडकी तलवार घेतलेला फ्रान्सचा चौदावा लुई आहे.

आता एक गोष्ट बघा. हे काम मिळालं तेव्हा मेरीला जाऊन तेरा वर्षं झाली होती आणि विल्यमला पाच. गादीवर ॲन राणी होती. मग छताच्या ऐन मध्यावर मेलेली जोडी का? कारण प्रश्न त्या दोघांचा नव्हता, १६८८ च्या सत्तापालटाचा होता. तेव्हा कॅथलिक राजा पळाला, प्रॉटेस्टंट जोडी आली, पार्लमेंटचा वरचष्मा झाला. ॲनला वारस उरला नव्हता. पळालेल्या राजाचा मुलगा फ्रान्सच्या आश्रयाला होता आणि लुईनं त्यालाच इंग्लंडचा खरा राजा मानलं होतं. छत सांगत होतं की १६८८ ला झालं ते बरोबर झालं आणि पुढेही तसंच चालेल. पुढे १७१४ मध्ये जर्मनीतल्या हानोवरहून पहिला जॉर्ज आला, तेव्हा त्याचं अख्खं कुटुंब त्याच सभागृहाच्या पश्चिमेच्या भिंतीवर चढलं. खाली कोपऱ्यात थॉर्नहिलनं हात पुढे केलेलं स्वतःचं चित्रही काढून ठेवलं आहे.

पण यातलं ‘दडलेलं’ काय? काहीच नाही. थॉर्नहिलनं स्वतःच त्या चित्रांचा अर्थ सांगणारी पुस्तिका छापली, इंग्रजीत आणि फ्रेंचमध्येही. ज्यांच्या राजाला पायाखाली दाखवलं त्यांच्याच भाषेत! छतावरचं राजकारण बहुतेक वेळा असंच असतं. ते ओरडून सांगायचंच असतं, म्हणून तर एवढा खर्च करतात. आपल्याला ते दडलेलं वाटतं, कारण त्या काळची माणसं आणि भांडणं आपल्या ओळखीची राहिलेली नाहीत. ते कुलूप नाही, नुसती धूळ आहे.

आणखी एक खरं राजकारण त्या सभागृहात आहे, पण ते रंगात नाही. ज्या खलाशांच्या जेवणासाठी ते बांधलं, त्यांच्यासाठी ते फारच भारी ठरलं. त्यांची पंगत खाली तळघरात बसू लागली. वरचं दालन पैसे देऊन बघायला येणाऱ्यांसाठी, आणि त्यांना ते दाखवत फिरायचं काम त्याच म्हाताऱ्या खलाशांकडे. चित्रात युरोपला स्वातंत्र्याची टोपी मिळते आहे आणि चित्राचे धनी तळघरात जेवताहेत. छताकडे बघताना खाली कोण उभं आहे आणि कोण नाही, हे बघायची सवय मला या एका गोष्टीनं लावली.

लंडनलाच व्हाइटहॉलमध्ये दुसरं एक छत आहे, रुबेन्सनं रंगवलेलं. पहिल्या चार्ल्स राजानं ते आपला बाप पहिला जेम्स याच्या गौरवासाठी करून घेतलं. १६३६ मध्ये कापडावर रंगवलेली नऊ चित्रं वर बसवली. मधे जेम्स स्वर्गाला निघाला आहे, एका टोकाला इंग्लंड-स्कॉटलंडचे दोन मुकुट एकत्र येताहेत, आणि सिंहासनाच्या वर जेम्सचा शांततेचा कारभार आहे, ज्यात बंडाळी पायदळी जाते आहे. राजाला मुजरा करायला पुढे येणाऱ्याची मान वर झाली की नेमकं तेच दिसावं अशी योजना. म्हणजे चित्राची जागा आधी ठरली, विषय त्या जागेनं ठरवला. आणि ३० जानेवारी १६४९ ला त्याच छताखालून चालवत नेऊन चार्ल्सला बाहेरच्या वधस्तंभावर चढवलं. राजाला देवानं नेमलेलं असतं हे सांगणारं छत ते. चार्ल्सला मारायला पार्लमेंटच्या माणसांना दुसरी जागा मिळाली नसती असं मला वाटत नाही. तेही छत वाचूनच आले होते.

तेव्हा माझी रीत अशी झाली आहे: कुठल्याही छताखाली गेलो की वर बघण्याआधी खाली बघतो. मानाची जागा कुठली, तिथे कोण बसायचं, येणारा कुठल्या दारानं यायचा, पैसा कुणाचा. मग वर बघतो. आता याच रीतीनं अजिंठ्याला जाऊ.

पहिलं लेणं हा विहार आहे. भोवती वीस खांब, मधे चौरस मोकळं अंगण असावं तसा मंडप, समोर गाभाऱ्यात पहिलं प्रवचन देणारा बुद्ध. गाभाऱ्याकडे जाणाऱ्या दाराच्या दोन्ही बाजूंना पद्मपाणी आणि वज्रपाणी हे बोधिसत्त्व. नव्वद टक्के माणसं पद्मपाणीपुढे गर्दी करतात आणि बाहेर पडतात. मानेला त्रास कोण देणार? पण वर बघा. अख्खं छत चौकटींमध्ये विभागलेलं आहे. मधे मोठं वर्तुळ, त्याच्या भोवती लहानमोठे चौकोन आणि पट्टे. कुठे कमळवेलीत धावणारा हत्ती, कुठे हंस, पोपट, कुठे नुसती फुलं आणि फळं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून वर्षानुवर्षं इथे नकला करत होते. त्यांनी या फळांमध्ये आंबा ओळखला आहे आणि वांग्यासारखं एक फळ नोंदवलं आहे. आपल्या मुलांना भरताचं वांगं शोधायला सांगा, बघा कशा माना वर होतात.

कामाची पद्धतही ग्रिफिथ्सनं बारकाईनं टिपली. चौकटीची जमीन आलटूनपालटून काळी आणि तांबडी. त्यावर हत्ती किंवा फूल आधी सरळ पांढऱ्या रंगात भरून घेतलं, आणि त्या पांढऱ्यावर पातळ रंगाचे हात दिले. म्हणून तो हत्ती अंधारातही आतून उजळल्यासारखा वाटतो. अंधाऱ्या लेण्यात, पणतीच्या उजेडात, माणसांच्या डोक्यावर राहणारं चित्र कसं दिसेल याचा हिशेब त्यात आहे. हे मला अनेक वर्षांनी कळलं. एका देवळाच्या मंडपात काम करताना आमचे दिवे गेले, हातात फक्त मेणबत्ती होती, आणि त्या उजेडात आधी पांढऱ्यावर रंगवलेली तेवढी फुलं पुढे आली, बाकीची सगळी काळोखात गेली.

आता तो टोपीवाला. गादीवर बसलेला, दाढीवाला, डोक्याला उंच टोपी, अंगात लांब बाह्यांचा कोट, पायात पट्ट्यापट्ट्यांचे मोजे. हातात पेला. शेजारी स्त्री. चाकर सुरई घेऊन उभे. अशी बैठक थोड्याफार फरकानं एकाहून जास्त चौकटींमध्ये आहे. सासानी राजघराण्याच्या काळातल्या इराणी माणसाचा पोशाख आहे, यात कुणाचं दुमत नाही.

खुसरोचं नाव कुठून आलं ते सांगतो. १८७९ मध्ये जेम्स फर्ग्युसन या वास्तुकलेच्या अभ्यासकानं एक लेख लिहिला. पहिल्या लेण्याच्या भिंतीवर एका राजापुढे परदेशी पोशाखातली माणसं नजराणा घेऊन आलेली दिसतात. अरबीत लिहिणारा इतिहासकार तबरी यानं लिहून ठेवलं आहे की खुसरोच्या राज्यारोहणाच्या छत्तिसाव्या वर्षी हिंदुस्थानच्या एका राजाकडून त्याच्याकडे पत्र आलं. त्या राजाचं नाव वाचणाऱ्यांनी पुलकेशी असं लावलं. फर्ग्युसननं दोन्ही जोडलं: भिंतीवर पुलकेशीचा दरबार आणि इराणी वकिलात, छतावर खुद्द खुसरो आणि त्याची लाडकी राणी शिरीन. इतकी सुंदर जुळणी की दीडशे वर्षं झाली तरी लोकांच्या तोंडून जात नाही.

ती कुठे मोडते? आधी काळात. खुसरो राज्यावर होता ५९० ते ६२८. पुलकेशी सातव्या शतकाच्या पूर्वार्धातला, ऐहोळेचा त्याचा प्रसिद्ध शिलालेख ६३४ चा. आणि अजिंठ्याची ही दुसऱ्या टप्प्यातली लेणी वाकाटकांच्या काळातली आहेत. सोळाव्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा लेख आहे, सतराव्यातही हरिषेणाचं नाव आहे. वॉल्टर स्पिंक यांनी सारं आयुष्य घालवून एकेका लेण्याचा क्रम लावला. त्यांच्या हिशेबानं हे सगळं पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या जेमतेम वीस वर्षांत झालं. त्यांच्या प्रत्येक वर्षाशी सगळे सहमत नाहीत. पण पहिलं लेणं सातव्या शतकात ओढून नेणं आता अवघड आहे. भिंतीवरच्या त्या ‘वकिलाती’बद्दल जर्मन अभ्यासक डीटर श्लिंगलॉफ यांनी दाखवलं की ती महासुदर्शन या चक्रवर्ती राजाची कथा आहे. बुद्धाचाच पूर्वजन्म. चारी दिशांचे राजे त्याच्याकडे येतात, म्हणून पोशाख निरनिराळे.

पण मला त्याहून पटणारा पुरावा छतावरच आहे आणि तो पाहायला पुस्तक लागत नाही. त्या मोठ्या बैठकीपासून नजर जरा बाजूला न्या. लहान चौकटींमध्ये बुटकी, गमतीदार माणसं आहेत. नाचताहेत, पिताहेत, वाद्यं वाजवताहेत, एकमेकांशी काहीतरी कुजबुजताहेत, फळाफुलांत लोळताहेत. आणि त्यांच्याही डोक्याला तसल्याच टोप्या, अंगात तसलेच कोट, पायात तेच पट्ट्यांचे मोजे. हा पोशाख एकट्या बादशहाची ओळख असता, तर चित्रकारानं तो या बुटक्यांना घातला असता का? पोशाख इथे माणसाचं नाव सांगत नाही. तो एक सूर लावतो: दूरदेशची चैन, भरलेली सुरई, ददात नसलेलं घर. फूशे यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्या मोठ्या आकृतीत यक्षांचा सेनापती पांचिक किंवा धनाचा देव कुबेर पाहिला, तो याच अंगानं. मला ते खुसरोपेक्षा पुष्कळ जवळचं वाटतं.

फर्ग्युसनला दोष देऊन मोकळं व्हावं असं मी म्हणत नाही. पण त्याला दरबार का दिसला याचा विचार करा. लेख १८७९ चा. दोनच वर्षांपूर्वी, १ जानेवारी १८७७ ला, दिल्लीत मोठा दरबार भरवून व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं होतं. नजराणे, वकील, रांगेनं मुजरे, हे त्या काळच्या इंग्रज वाचकाच्या रोजच्या बातम्यांमधलं दृश्य होतं. शिवाय इथल्या चित्राला तारखेची खुंटी हवी असेल तर ती बाहेरच्या बादशहाच्या नावानं ठोकायची, ही त्या पिढीची सवयच होती. हे माझं मत आहे. पण छतावर आपण जे राजकारण वाचतो त्यात वाचणाऱ्याच्या काळाचंही राजकारण मिसळलेलं असतं, हे नववीच्या मुलांना नक्की समजेल.

मग पाचव्या शतकाचं राजकारण कुठे आहे? आता खाली बघायची रीत वापरा. मंडपात मानाची जागा एकच, गाभाऱ्यातल्या बुद्धाची. सिंहासन आहे, पण त्यावर राजा नाही. आणि डोक्यावर हे छत कशासारखं आहे? आपल्याकडे लग्नाच्या मांडवात वरून चांदवा बांधतात, मधे मोठं फूल, कडेला नक्षीचे पट्टे, कोपऱ्यात पक्षी. अजिंठ्याची छतं अशाच कापडी चांदव्याच्या धर्तीवर रंगवलेली आहेत. चांदवा कुणावर धरतात? नवरदेवावर, देवावर, राजावर. राजाच्या डोक्यावर जे छत्र, तेच ताणून मोठं केलं की चांदवा. इथे तो बुद्धाच्या सभेवर धरला आहे. हत्ती, फळं, हंस, दूरदेशची पिणारी-नाचणारी माणसं, जगातली सगळी भरभराट त्या चांदव्यावर विणलेली आहे आणि ती सगळी खालच्या भिक्षूंच्या सभेवर सावली धरून आहे.

आता भिंती बघा. बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या जातककथा: शिबी, महाजनक, शंखपाल, चांपेय. सगळे राजे, नाहीतर नागांचे राजे. महाजनक राज्य सोडून घोड्यावरून निघतो. शिबी कबुतरासाठी अंगाचं मांस तोडून देतो. पद्मपाणीच्याही डोक्यावर बघा, केवढा मुकुट आहे, आणि नजर मात्र खाली, हातात कमळ. लेण्यात चित्रं राजांची, ऐश्वर्य राजाचं, आणि गोष्ट प्रत्येक ठिकाणी देऊन टाकण्याची. हे लेणं खुद्द सम्राट हरिषेणानं करवलं असावं असं स्पिंक म्हणतात. देणगीदाराचा लेख तिथे नाही, त्यामुळे ते अनुमानच. पण कुणा राजवटीतल्या मोठ्या माणसाचा पैसा असल्याखेरीज असं काम उभं राहत नाही. त्या माणसानं पायाखाली शत्रू नाही काढून घेतला. मी महाजनकासारखा आहे, माझं सगळं वैभव या सभेच्या डोक्यावरचा चांदवा आहे, असं म्हणवून घेतलं. ग्रीनिचच्या विल्यमपेक्षा ही मागणी लहान आहे असं मला वाटत नाही. ज्याला जिंकायचं काही उरलं नाही तोच असं दाखवू शकतो. किंवा ज्याला तसं भासवायचं आहे तो.

रंगातही ही सत्ता आहे. अजिंठ्याचे बहुतेक रंग इथल्याच मातीदगडातले: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी. निळा मात्र इथला नाही. तो लाजवर्द या दगडाचा, आणि तो दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतला. तिथून इराणी-मध्य आशियाई व्यापाऱ्यांच्या हातून, भडोचसारख्या बंदरांतून किंवा खुष्कीनं, तापीचं खोरं ओलांडून घाटापर्यंत तो येणार. ती टोपी आणि तो निळा रंग बहुधा एकाच वाटेनं आले. कुणा बादशहाची वकिलात शोधण्यापेक्षा ही व्यापाराची वाट मुलांना नकाशावर काढायला लावा. ती आपल्या दारावरून जाते.

इथे एक सावधगिरी. आज दिसणाऱ्या रंगावरून फार अर्थ काढू नका. निजामाच्या काळात, १९२० च्या सुमारास, इटालियन तज्ज्ञांनी इथली चित्रं पडता पडता वाचवली, हे मोठंच काम. पण त्यांनी वरून लाखेचं रोगण दिलं होतं आणि ते वर्षांनुवर्षं पिवळं पडत गेलं. पिवळ्याखालचा निळा हिरवट दिसतो, पांढरा तपकिरी दिसतो. “इथे हिरवा वापरला म्हणजे अमुक अर्थ” असं कुणी सांगू लागलं की मी आधी रोगणाचं विचारतो.

तुम्ही अमळनेरच्या, म्हणून खानदेशाचा धागा मुद्दाम सांगतो. लेणी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, पण वाघूर नदी लेण्यांच्या पायथ्यापासून खाली आपल्याकडे येते आणि तापीला मिळते. सतराव्या लेण्याचा लेख एका मांडलिक राजाचा आहे. वा. वि. मिराशी यांनी तो अभ्यासून सांगितलं की हे घराणं ऋषीक देशावर राज्य करत होतं, आणि ऋषीक म्हणजे खानदेश. त्या लेखात तो आपल्या पूर्वजांची ओळ देतो, धाकटा भाऊ रविसांब अकाली गेल्याचं दुःख सांगतो, आणि आपण काय काय खोदवलं ते सांगतो. पण लेण्याचं काम कुणाच्या राज्यात झालं हे सांगताना हरिषेणाचं नाव घेतो, राजांमधला चंद्र म्हणून. पदरचा पैसा, घरचं दुःख, आणि तरी वरच्याचं नाव अदबीनं. मांडलिकाचं राजकारण असंच असतं. त्याच सतराव्याचं व्हरांड्याचं छत बघा, तेही रंगवलेलं आहे, आणि तिथे उभं राहून मुलांना सांगा की हे आपल्या भागाच्या राजानं भावाच्या आठवणीत केलं. मुलं गप्प होतात. मी तीन-चार वेळा अनुभवलं आहे.

छतावरचं राजकारण सगळ्यात स्पष्ट मला एकदाच दिसलं, आणि ते ना अजिंठ्याला ना लंडनला. तापीकाठच्या एका गावात जुन्या वाड्याची तक्तपोशी तपासायला गेलो होतो. दिवाणखान्यावर सागाच्या फळ्या, त्यावर वेलबुट्टी, चार कोपऱ्यांत राघू. ऐन मध्यावर ताटाएवढा गोल, आणि गोलात काहीच नाही. आधी मला वाटलं पावसाचं पाणी गळलं असेल. पण पाणी गळलं की कडा फुगते, रंग पोपडा धरून उठतो. इथे कडा सरळ होती. विजेरी फळीला चिकटवून तिरपा प्रकाश टाकला तेव्हा लाकडावर आडवे-उभे ओरखडे दिसले, पात्यासारख्या कशाचे तरी. कुणीतरी शिडी लावून, बेतानं, शेजारच्या वेलीला धक्का न लावता तेवढंच खरवडलं होतं. घरातल्या आजी खाली दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “तठे राणीनं तोंड व्हतं. मना सासरानी खरवडी टाकं.” कधी, ते त्यांना आठवत नव्हतं. रंगवणाऱ्यानं व्हिक्टोरिया राणी का काढली आणि सासऱ्यांनी वेल का राखली, दोन्ही मला त्या रिकाम्या गोलात दिसत होतं. वाड्याच्या मालकांना तिथे नवीन फूल रंगवून हवं होतं. मी नको म्हटलं. त्यांनी दुसऱ्या कुणाकडून तरी करून घेतलं, आणि आता तिथे ऑइलपेंटचं सूर्यफूल आहे. मला अजून हळहळ वाटते.

म्हणून मुलांना एक प्रश्न न चुकता विचारायला लावा: इथे कोण असायला हवं होतं आणि नाही? ग्रीनिचला जेवणारे खलाशी नाहीत. पहिल्या लेण्यात देणाऱ्याचं नाव नाही. नसण्यालाही कारण असतं आणि ते बहुतेक वेळा राजकारणाचंच असतं.

आता प्रत्यक्ष सहलीचं. प्रत्येक दोन मुलांमागे एक हातात मावणारा आरसा घ्या, दाढीचा चालेल. आरसा पोटाशी आडवा धरून खाली बघत छत पाहता येतं, मान दुखत नाही आणि मुलं एका जागी टिकतात. ग्रीनिचलाही लोकांना छत बघता यावं म्हणून चाकांवरचे आरसे ठेवलेले असत. फ्लॅश चालत नाही आणि पहिल्या लेण्यात गर्दीच्या दिवशी थोडाच वेळ मिळतो, म्हणून कोणी कुठली चौकट बघायची ते फर्दापूरहून बसमध्ये चढतानाच वाटून द्या. आत शिरल्यावर पहिली दोन मिनिटं काही न बघता नुसतं उभं राहू द्या, डोळे अंधाराला सरावले की छत आपोआप खाली येतं. एका गटाला टोपीवाला, एका गटाला बुटकी माणसं, एका गटाला फळं. बाहेर आल्यावर झाडाखाली बसवून तिन्ही गटांना आपापलं चित्र आठवून काढायला सांगा आणि मग टोप्या जुळतात का बघायला सांगा. खुसरोचा निकाल तुमच्याआधी तेच लावतील.

परतताना वेळ असेल तर भुसावळला थांबता येईल. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्यानं १८४४ पासून वर्षानुवर्षं अजिंठ्याला राहून या चित्रांच्या मोठ्या नकला केल्या, आणि त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळून गेल्या. फर्ग्युसनचा लेख आला त्याच वर्षी, १८७९ मध्ये गिल वारला, आणि त्याची कबर भुसावळच्या जुन्या युरोपियन कब्रस्तानात आहे. आणि तारीख ठरवताना सोमवार टाळा, लेणी बंद असतात.